वज्रकुंतलेच्या गळ्यावरचा डाग

माझी वज्रकुंतला राक्षस मारते, वादळं मुठीत धरते आणि तिच्या गळ्यावर भाजल्याचा डाग आहे. तो कसा पडला, हे तिचा जन्मदाता या नात्यानं मी तीनदा सांगितलंय. पहिल्या कादंबरीत तिच्यावर अग्निसर्पानं फूत्कार टाकला. पुढं एका दिवाळी अंकाच्या संपादकांना आईच्या मायेचं काहीतरी हवं होतं, तेव्हा शत्रूला ओळखू येऊ नये म्हणून आईनंच तिला डागलं. तिसऱ्या वेळी मी आधीचं दोन्ही विसरलो होतो, त्यामुळं वीज पडली. आपलंच लिखाण पुन्हा वाचायची शिक्षा मी स्वतःला कधी दिली नाही.

आता प्रकाशक अनिलकुमार सगळं एका जाडजूड खंडात काढायला निघालेत. "सर, एक डाग, एक कारण. संध्याकाळपर्यंत सांगा, नाहीतर खंड राहू दे," असं त्यांनी फोनवर बजावलं. माझ्या नावावर जाड पुस्तक कधी आलेलं नाही आणि मला ते फार हवं होतं.

माझी बायको रुद्राणी समोर शेंगा फोडत बसली होती. तिच्यापुढं रडगाणं गायलो.

"तिन्ही राहू द्या की," ती म्हणाली. "विचारणारा बघून सांगत असंल बाई. मी न्हाय का सांगत?"

तिच्याही गळ्यावर तसाच डाग आहे. वज्रकुंतलेला तो कुठून मिळाला, हे वेगळं सांगायला नको.

"हळदीकुंकवाला बायका विचारतात, त्यास्नी सांगते स्टोव्ह भडकला. डॉक्टरांना सांगितलं, लहानपणचं हाय, आठवत न्हाय."

"आणि खरं फक्त मला. चहाचं पातेलं सांडलं होतं," मी ऐटीत म्हणालो.

"ते बघायला आलेल्या पावण्यांसाठी होतं. तुमच्या मामांनी विचारलं, आईनं पढवलेलं मी म्हटलं. तुमी तर पोहे खात होता."

त्याला बावीस वर्षं झाली. मला फार वाईट वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, त्याच क्षणी खंडाचं पहिलं प्रकरणही दिसायला लागलं.

"मग खरं काय झालं होतं गं?"

तिनं हातातली शेंग न फोडताच खाली ठेवली. "सांगते. पुस्तकात न्हाय ना घालणार?"

मी नाही म्हणालो. पण जरा थांबून म्हणालो.

"चहाचं पातेलंच सांडलं होतं," असं म्हणून तिनं दाण्यांचं ताट उचललं आणि ती आत गेली.