चौकाशिवाय तीन नळ

नंदानं खडूनं काढलेल्या नकाशातल्या चौकावरचं सोड्याच्या बाटलीचं बूच उचललं, तशा विहाराच्या ओट्यावर जमलेल्या बायका पुढे वाकल्या.

"चौकात नळ नको?" भाऊरावांनी विचारलं. घाटकोपरच्या टेकडीवरल्या या वस्तीला तीन नळ मंजूर झाले होते, आणि वस्तीच्या कमिटीचे ते अध्यक्ष. "अगं, सगळ्यात जास्त घरं चौकाजवळच आहेत. शेंबडं पोरगंही सांगेल."

"आणि तुमचं चहाचं दुकानपण तिथंच ना, काका?"

कुणीतरी फिसकन हसलं. दहावीत गेल्यापासून नंदाला कुणाची भीती अशी उरलीच नव्हती. भाऊरावांचा संशय तिला पहिल्यापासून होता; आज तो तिनं सगळ्यांसमोर खडूनं मांडला होता. घर म्हणजे ठिपका, बोळ म्हणजे रेघ, नळ म्हणजे बूच. हंडा घेऊन एका रेघेपेक्षा लांब जावं लागलं, तर तो नळ त्या घराचा नाही.

"एकच नळ असता तर चौक झकास," ती म्हणाली. "पण तीन आहेत. चौकात एक घातला, की बाकीचे दोन त्याच त्याच घरांना पुन्हा पुरतात आणि वरची ओळ कोरडी राहते. वरची जानकीआजी आहेच मग हंडा घेऊन खाली. आता हे बघा."

तिनं चौक सोडून तीन बुचं ठेवली. एकही ठिपका सुटला नाही.

"हे वरचं बूच कुणाच्या दारात गं?" बायकांतल्या रुक्मिणीनं विचारलं.

नंदानं वाकून पाहिलं. ठिपक्यांना नावं नव्हती. पण वळणावरचं ते घर तिचंच होतं.

"वा! काकांचं दुकान दिसलं, स्वतःचं दार नाही दिसलं!" रुक्मिणी म्हणाली.

"आईशप्पथ, मी..." नंदा अडखळली. खरंच नव्हतं दिसलं? रोज हंडे वाहून धरलेली आईची कंबर शेकताना?

तिची आई, कमल, पुढे आली आणि तिनं ते बूच एक ठिपका खाली सरकवलं.

"इथं घाला. लोकांचं बोलणं नको."

जानकीआजीचा ठिपका सुटला. आजीनं त्यावर बोट ठेवलं.

नंदानं तिन्ही बुचं गोळा केली आणि भाऊरावांपुढे धरली.

"माझ्यावर भरवसा नका ठेवू, काका. तुम्हीच मांडा. फक्त कुणी सुटायला नको."

भाऊराव उकिडवे बसले. पहिलं बूच अर्थातच चौकात. उरलेली दोन ते फिरवत राहिले.

"आमचं राहिलं की!"

"आता ह्यांचं गेलं."

रुक्मिणीनंही हात घालून पाहिला. ऊन ओट्यावरून उतरलं.

शेवटी भाऊरावांनी चौकातलं बूच उचललं, बोटांत फिरवलं आणि कमलकडे न बघता तिच्या दारात ठेवलं. आता एकही ठिपका सुटला नाही.

"म्युनिसिपालटीच्या माणसाला मी सांगतो," ते उठत म्हणाले. "जागा मी काढली म्हणून. बोलायचं तर मला बोलतील."

नंदा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.