झोपडीतला डबा

बंदूक कुठली घ्यावी हे अँब्रोजला विचारल्याशिवाय युकॉन नदीच्या काठावरच्या त्या गावात कुणी काडतूससुद्धा विकत घेत नसे. दुकान त्याचं, शहाणपणही त्याचंच. नवा मास्तर गावात आला की कंबरेला पिस्तूल लावून हिंडायची स्वप्नं बघायचा. अँब्रोज त्याला सरळ सांगायचा, “अरे बाबा, अस्वल अंगावर आलं की हात थरथरतात. पिस्तुलानं तुला समोरचं दुकानही लागणार नाही. बारा बोअरची घे, त्यात छर्‍यांऐवजी एकच जाड गोळी असलेलं काडतूस घाल, आणि आधी डब्यावर सराव कर.” शेगडीभोवती कॉफी पीत बसलेली म्हातारी मंडळी माना डोलवायची.

त्या दिवशी हेस्टर आली, त्याच्या थोरल्या भावाची, रूफसची बायको. रूफस गेला त्याला वर्ष झालं होतं, आणि यंदा ती एकटीच नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या झोपडीवर हिवाळाभर सापळे लावायला निघाली होती.

“भाऊजी, ह्यांची मोठी रायफल मला झेपत नाही हो. एक बार काढला की आठवडाभर खांदा काळानिळा. काय नेऊ सांगा.”

“ती घरीच ठेवा, वहिनी. धड पेलवत नाही ती बंदूक वेळेला दगा देते. ही पॉइंट टू-टू न्या. हलकी आहे, रानकोंबडीला पुरते, सापळ्यातल्या जनावरालाही पुरते.”

“आणि अस्वल आलं तर? यंदा नदीत मासे कमी चढलेत. पोट भरल्याशिवाय ती हिवाळ्याची झोप थोडीच घेणार आहेत?”

“झोपडीतली रायफल आहे की. थर्टी-ओ-सिक्स. जुनी आहे, पण लाकडी दस्ता लांब, धक्का मऊ. तुम्हाला झेपेल.”

“तिथल्या डब्यात काडतुसं आहेत ना?”

इथे अँब्रोज गल्ल्यावरची धूळ पुसायला लागला.

ती वरची झोपडी कुणा एकाची नव्हे. तिला कुलूप नाही. थंडीत अडकलेल्या कुणीही यावं, फोडलेली लाकडं जाळावीत, निघताना तितकीच फोडून ठेवावीत. खुंटीला रायफल, फळीवर कॉफीचा जुना डबा, डब्यात जड गोळीची काडतुसं. जीव धोक्यात आल्याशिवाय त्या डब्याचं झाकण उघडायचं नाही, आणि उघडलंच तर गावात येऊन आधी तेवढं सांगायचं. डबा भरायचा मान अँब्रोजचा. दर वसंतात तो सगळ्यांदेखत बोटीत बसायचा आणि डबा भरून यायचा.

आणि तोच डबा ऑगस्टात त्यानंच रिकामा केला होता. फेअरबँक्स शहराहून आलेलं एक बडं गिर्‍हाईक घेऊन तो झोपडीवर गेला होता. त्याला जड गोळी लांबवर जाताना किती खाली झुकते ते दाखवायचं होतं, आणि स्वतःची पेटी राहिली होती खाली बोटीत. कोण उतरणार चढण? घेतला डबा, मांडल्या ओंडक्यावर बाटल्या, आणि दोघांनी खिदळत सगळी काडतुसं उडवली. दुकान आपलंच, पुढच्या खेपेला भरू म्हणाला. पुढची खेप झालीच नाही.

“आहेत तर,” अँब्रोज म्हणाला.

खरं सांगायला काय झालं होतं? दोन वाक्यांचं काम! पण शेगडीपाशी चार जोडी कान टवकारलेले होते, आणि दोन वर्षांमागे ह्याच दुकानात ह्याच तोंडानं त्यानं सायलसला उभा सोलला होता. सायलस म्हणजे पलीकडच्या वळणावर राहणारा, बोट चालवून पोट भरणारा, मधूनमधून पिणारा गडी. डब्यात दोन काडतुसं कमी निघाली होती आणि संशय त्याच्यावर आला. सायलस शपथा घेत होता. अँब्रोज म्हणाला होता, “झोपडीतलं खाणारा माणूस उद्या मढ्याच्या पायातले बूटही काढील. माझ्या दुकानाची पायरी चढायची नाहीस.” तेव्हापासून सायलस मीठसुद्धा दुसर्‍याकरवी मागवायचा.

आता कुठल्या तोंडानं बोलणार? अँब्रोजनं दुसरीच युक्ती काढली. हेस्टरचं सामान बांधताना पिठाच्या पोत्याखाली काडतुसांचं एक खोकं हळूच सरकवलं. हवी ती काडतुसं, जड गोळीची, कोरी. झालं म्हणे काम! वहिनी वर जाईल, खोकं सापडेल, जीव सुरक्षित, आणि आपली अब्रूही. त्या रात्री तो जेवला बरा, पण झोप काही धड लागली नाही.

सायलसनंच तिला आणि तिच्या कुत्र्याला बोटीनं वर सोडलं. नदीत बर्फाचा चिखल वाहायला लागला होता. बाकी सगळ्यांच्या बोटी, अँब्रोजचीसुद्धा, काठावर उलट्या पडल्या होत्या. परतल्यावर सायलस दुकानाशी आला आणि पायरीच्या खालीच उभा राहिला.

“काका, हे घ्या. हेस्टरकाकूंनी परत दिलंय.”

त्याच्या हातात ते खोकं होतं. सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं.

“परत का?”

“म्हणाल्या, मी मागितलं नव्हतं, भाऊजींच्या हातून चुकून आलं असेल. दुसर्‍याचं कशाला ठेवून घेऊ म्हणाल्या.” सायलस जरा थांबला. “मी म्हटलं राहू द्या. तर म्हणाल्या, माझ्याकडं डबा आहे.”

अँब्रोजनं खोकं हातात घेतलं. ती डबा उघडून बघणार नाही. कशी बघेल? बघायचा नसतोच! त्यानंच तर सगळ्या गावाला पढवलं होतं. दारात अस्वल उभं राहील तेव्हाच ती झाकण काढणार, आणि आत गंजाशिवाय काही नसणार.

“सायलस, बोट फिरव. मला वर जायचंय.”

“आत्ता? नदीत बर्फ बघताय ना? मीच कसाबसा पोचलोय.”

“चल म्हणतो ना!”

“पण कशाला? काकूंकडं रायफल आहे, डबा आहे...”

“काडतुसं जुनी आहेत,” अँब्रोज म्हणाला. खोट्याला खोट्याचा टेकू.

सायलसनं एकदा खोक्याकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं. मग तो उतारानं खाली गेला.

बर्फाचे तुकडे बोटीच्या पत्र्यावर घासत होते. अँब्रोज खोकं छातीशी धरून पुढं बसला होता. त्याला रूफस आठवत होता. शेवटच्या आजारात रूफस एवढंच म्हणाला होता, “तिला बघ रे.” आणि आपण काय बघितलं? मोठी रायफल घरी ठेवायला लावली, चिमणी मारायची बंदूक हातात दिली, वर डब्याची खोटी हमी दिली. अस्वलानं तिला फाडलं तर ते अस्वलाचं पाप नव्हे. त्याला वाटलं, असंच बर्फात उतरावं. मग वाटलं, मरायलाही सोपंच काम शोधतोय मेला मी.

“काका,” मागून सायलस म्हणाला, “डबा रिकामाच आहे ना?”

अँब्रोजनं मान वळवली नाही. सायलसनं इंजिनाचा आवाज तेवढा वाढवला.

झोपडी दिसली तेव्हा धुराड्यातून धूर निघत होता, आणि अँब्रोजचे डोळे भरून आले. पण जवळ गेल्यावर खिडकीची चौकट बाहेर लोंबताना दिसली. मांस टांगायची फळी मोडून पडली होती. हेस्टर दारात कुर्‍हाड घेऊन बसली होती, आणि तिच्या शेजारी कांबळं पांघरलेलं काहीतरी होतं. कांबळ्याबाहेर शेपटी दिसत होती. रूफसचा शेवटचा कुत्रा तो, बटन. म्हातारा झाला होता, दात पडले होते, तरी रोज तिच्या पायापाशी झोपायचा.

“सायलस गेला आणि मागोमाग आलं,” ती म्हणाली. आवाज अगदी कोरडा. “आधी मांस ओढलं, मग खिडकी. मी रायफल काढली, डबा उघडला.” ती थांबली. “मी तो उपडा करून झटकला, भाऊजी. दोनदा झटकला. विश्वासच बसेना. तोवर बटन खिडकीतून बाहेर गेला. त्यानं अस्वलाला झाडीपर्यंत नेलं. मग ते फिरकलं नाही, आणि हाही चालत आला नाही. मी ओढून आणला.”

हेस्टरची नजर हळूहळू सायलसवर गेली.

“तुला दुकानातून हाकललं तेव्हा मी तुझी बाजू घेतली होती रे. भांडले होते भाऊजींशी. आता खरं सांग. तूच ना?”

सायलसनं टोपी काढली आणि हातात फिरवत राहिला. त्याला सगळं कळलं होतं, बोटीतच कळलं होतं. एक शब्द बोलला असता तर सुटला असता. पण तो नदीकडं बघत राहिला. असं उभं राहायची त्याला सवय झाली होती.

आणि अँब्रोजला, देव क्षमा करो, क्षणभर वाटलं, राहू दे गप्प. एवढं सोसलंय ह्यानं, आणखी थोडं. वाटलं तसं! मग त्याची नजर त्या शेपटीवर गेली.

“वहिनी, मी,” तो म्हणाला. “मी उडवली. बाटल्यांवर. ऑगस्टात. तुम्ही विचारलंत तेव्हा मला ठाऊक होतं.”

“ठाऊक होतं?”

“हो.”

“मी समोर उभी राहून विचारलं तेव्हा?”

“हो. खोकं मीच घातलं होतं पोत्याखाली. मला वाटलं, न बोलता भागेल.”

हेस्टर ओरडली असती, चार शिव्या हासडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. ती उठली, आत गेली, कॉफीचा डबा घेऊन बाहेर आली. अँब्रोजनं घाईघाईनं खोक्याचं सील फोडलं आणि हात पुढं केला. दर वर्षीचा तो मान होता.

तिनं त्याच्या हातातलं खोकं काढून घेतलं आणि डब्यासकट सायलसपुढं धरलं.

“तू भर,” ती म्हणाली. “आणि ये आत. चहा टाकलाय.”

सायलसनं पायरीशी बूट झटकले आणि तो आत गेला. अँब्रोज बाहेर बटनपाशी उभा राहिला. त्याला आत ये कुणी म्हटलं नाही, आणि तोही गेला नाही. आतून डब्यात पडणार्‍या काडतुसांचा आवाज येत होता, एकेक, सावकाश, आणि प्रत्येकागणिक हेस्टर मोजत होती.