दोन रबरांचा टायर

मित्रांनो, माझ्याकडे नीट बघा. मी एक जुना टायर आहे. मोटारसायकलचा, आणि तोही मागचा. पुढच्या टायरला निदान वळता तरी येते. माझ्या वाट्याला सगळा भार, सगळा चिखल आणि सगळ्या शिव्या आल्या. माझी हकिकत फार मोठी नाही. पण ती आठवली की आजही माझा जीव चडफडतो.

एका कारखान्यात तापलेल्या साच्यातून मी बाहेर पडलो, तेव्हा माझ्या अंगावर खोल, सरळ खाचा उमटल्या होत्या. बगलेवर बारीक अक्षरांत कोरले होते, किती भार पेलायचा, किती हवा भरायची. मला वाटले, ज्याच्या हाती जाईन तो आधी हे वाचेल. कुणीही वाचले नाही.

१९७२ साली मी भिवंडीला महमूदच्या जावा मोटारसायकलवर चढलो. महमूद एका लूमच्या कारखान्यात जॉबर होता. बंद पडलेले माग दुरुस्त करणे हे त्याचे काम. त्याची ड्युटी दुपारची. म्हणून रोज सकाळी तो आपल्या बायकोला, शकिलाला, मागे बसवून अंबाडीला सोडायला जाई. शकिला तिथल्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. वाडा रोडची खडी उखडलेली, पावसाळ्यात त्यावर शेतातला चिखल आलेला. पण माझ्या खाचा चिखल कापत आणि पाणी बाजूला सारत. एकदा एक म्हैस अचानक आडवी आली. महमूदने ब्रेक दाबला आणि मी गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबवली. महमूद गाडीची तारीफ करू लागला, तशी शकिला म्हणाली, "गाडीचं नका सांगू मला. टायर चांगला आहे म्हणून वाचलो." मित्रांनो, आयुष्यात माझे झालेले हे पहिले कौतुक. दुसरे झाले नाही.

दोन वर्षांनी महमूदच्या डोक्यात शर्यतीचे वेड शिरले. कल्याणपलीकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेली एक विमानाची धावपट्टी ओस पडली होती. तिथे चार-सहा महिन्यांतून एखाद्या रविवारी हौशी मंडळी पिंपे मांडून त्यांभोवती वळसे घेत मोटारसायकली पळवीत. महमूदही गेला. तोवर माझ्या खाचा बुजत आल्या होत्या, आणि माझे रबर पहिल्यापासूनच कडक. पहिल्याच वळणावर गाडी कलली, मी फराटत गेलो, आणि महमूद सगळ्यांच्या मागे राहिला. चांगदेव नावाचा पहिला आलेला गडी हसत म्हणाला, "महमूद, टायर लाकडाचा बसवलास काय रे?" चांगदेवची गाडी टेम्पोतून यायची. तिची शर्यतीची चाके वेगळी होती, नरम रबराची. ती रस्त्याला कधी लागतच नसत. हे महमूदला दिसत होते. पण त्याने मलाच एक लाथ घातली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी तो मला वंजारपट्टी नाक्यावर पंढरीच्या दुकानात घेऊन आला. जुन्या टायरवर नवे रबर चढवण्याचे पंढरीचे काम. बरोबर शकिलाही होती.

"कुठलं चढवू?" पंढरीने विचारले. "कडक टिकंल, पण वळणाला पकड न्हाय. नरम रबर वळणाला चिकटून ऱ्हाईल, पण वाडा रोडची खडी त्याला दोन महिन्यांत खाऊन टाकंल."

"मला दोन्ही पायजे," महमूद म्हणाला. "मधे कडक लाव, कडांना नरम. रस्त्यावर गाडी सरळ चालते, मधल्यावर. रेसमध्ये कलते, तेव्हा कडा लागतात. बोल, दिमाग चाललं की नाही?"

"भाई, दोन रबरं एका साच्यात सारखी शिजत न्हाईत. एक शिजंल तवर दुसरं कच्चं ऱ्हाईल. सांधा धरणार न्हाय."

शकिला म्हणाली, "आणि माझं ऐका जरा. पावसात—"

"तू थांब गं. टायरमधलं तुला काय कळतंय?"

ती थांबली. पंढरीनेही मान हलवत हलवत शेवटी साचा तापवला. नाही म्हणत म्हणत तो शेवटी हो म्हणाला, म्हणून मला पंढरीइतका राग कुणाचाच आला नाही. माझे जुने अंग घासून काढले, मधे कडक पट्टा घातला, दोन्ही कडांना नरम पट्टे, आणि मला साच्यात कोंडले. बाहेर आलो तो मी एक टायर उरलो नव्हतो. माझ्याच अंगात दोन टायर एकमेकांकडे पाठ करून बसले होते.

पुढच्या शर्यतीत महमूद तिसरा आला. मित्रांनी त्याला उचलून घेतले. घरी आल्यावर त्याने मला कापडाने पुसले. मला मात्र सांध्याशी ठणका लागला होता. मग पुन्हा रोजचा वाडा रोड सुरू झाला. खड्डे चुकवायला गाडी कलली की खडी नरम कडांचे लचके तोडी, त्यात बारीक दगड रुतून बसत आणि सांध्यात शिरत. मी खालून चट् चट् आवाज करत राहिलो. मला दुसरी भाषा येत नाही. महमूदला इंजिनाच्या आवाजापुढे तो ऐकू आला नाही. शकिलाला आला.

एका शनिवारी अंबाडीला उतरल्यावर ती खाली वाकली आणि तिने माझ्या अंगावरून बोट फिरवले. "इथं फट पडलीय. माझं नख आत जातंय, बघा."

"उद्या रेस आहे. मंगळवारी दाखवतो पंढरीला."

"मंगळवारी का? सोमवारी मी मागे बसणार आहे ना?"

"दोन-तीन दिवसांत काय होतंय, शकिला?"

रविवारी मी सांधा कसाबसा आवळून धावलो. महमूद दुसरा आला. त्याला कप मिळाला.

सोमवारी सकाळी अंबाडी दोन किलोमीटरवर असताना माझी चेनकडची कड सुटली. अख्खा पट्टा सोलून निघाला आणि चेनमध्ये गुंतला. चाक जागीच अडकले. गाडी आडवी झाली. महमूदचा गुडघा खरचटला. शकिला उजव्या हातावर पडली आणि मनगटाचे हाड मोडले.

महमूद घाबरला होता. घाबरलेला माणूस ओरडतो, तसा तो माझ्यावर ओरडू लागला. "हरामखोर टायर! पंढरीनं गळा कापला माझा!"

शकिला रस्त्याच्या कडेला मनगट पोटाशी धरून बसली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज स्वच्छ होता.

"त्याला कशाला शिव्या देता? त्याला कुणी विचारलं होतं? मला कुणी विचारलं होतं?"

वाड्याकडे निघालेल्या एका ट्रकला हात दाखवून महमूदने तिला दवाखान्यात नेले. जिथे ती ड्युटीवर जायची, तिथे त्या दिवशी ती पेशंट म्हणून गेली.

पंधरा दिवसांनी ती प्लास्टरातला हात गळ्यात अडकवून पंढरीच्या दुकानात आली. महमूदने आणून टाकल्यापासून मी तिथेच कोपऱ्यात पडलो होतो. महमूद तिच्या मागे उभा होता.

"पंढरीभाऊ, रस्त्याचा टायर द्या," ती म्हणाली. "नवा. खोल खाचांचा."

पंढरीने खाली बघतच विचारले, "आन् भाई, तुमची रेस?"

महमूद तोंड उघडणार, तोच शकिला म्हणाली, "रेसला त्यांनी वेगळं चाक आणावं. तिथे बदलावं. नाही आणलं, तर बाजूला उभं राहून टाळ्या वाजवाव्यात."

ते नवा टायर घेऊन गेले. पुढे तिचे प्लास्टर निघाले, पण मनगट पुरते वळेना. इंजेक्शन द्यायचे, बाळंतपण करायचे काम तिच्याकडून गेले. दवाखान्यात आता ती केसपेपर लिहिते, तेही सावकाश. हे तिने पंढरीला सांगितले, तेव्हा ती रडली नाही. फक्त त्या हाताची मूठ वळून बघत राहिली. ती पूर्ण मिटत नव्हती.

पंढरीने मला दुकानाच्या दाराशी खिळ्याला टांगले आहे. उसवलेली बाजू गिऱ्हाइकांकडे. तो सगळ्यांना सांगतो, "दोन्ही पायजे म्हनाल तर ह्ये बघा." लोक बघतात, हळहळतात, आणि पुढच्या क्षणी विचारतात, "पण त्यातल्या त्यात दोन्हीला चालंल असं काही हाय का?" महमूदसुद्धा. गेल्याच महिन्यात हवा भरायला थांबला होता. माझ्याकडे पाठ करून त्याने हळूच विचारले, "पंढरी, बाहेरून काही नवीन रबर आलंय का रे?"

मित्रांनो, मला तोंड असते तर मी त्या दिवशी ओरडलो असतो. तुम्ही मोठे व्हाल, गाड्या घ्याल. वेग तुम्हालाही आवडेल. मलाही आवडत होता, खोटे कशाला बोलू? पण टायर घ्यायला जाल तेव्हा चालवणाऱ्याने एकट्याने जाऊ नये. जो मागे बसणार आहे, त्याला बरोबर न्या. दुकानदाराशी आधी त्याला बोलू द्या. आणि तो बोलत असताना त्याला थांब म्हणू नका.