करडा चौकोन

घरात आलेली नवी वस्तू पुसल्याशिवाय वापरायची नाही, ही माझी जुनी खोड. लेकीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी कॉम्प्युटरचा नवा कूलर आला, तेव्हा त्याच्या तळाला करड्या रंगाचा चिकट चौकोन दिसला. दुकानातला मळ समजून मी तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढला. तळ आरशासारखा लख्ख झाला. माझं मलाच बरं वाटलं.

जुन्या कूलरचा पंखा अडकल्यामुळे कॉम्प्युटर तापून बंद पडत होता. लेकीची शिष्यवृत्तीची परीक्षा त्याच्यावरच, सकाळी अकराला. वर्षातून एकदाच होणारी, आणि मध्येच बंद पडलं तर पुन्हा आत घेत नाहीत. म्हणून माझे धाकटे दीर नऊलाच आले. भाऊजी शिलाई मशिनं दुरुस्त करतात. स्क्रू दिसला की त्यांना राहवत नाही.

तेव्हा माझं मौन होतं. लेक तीन वर्षांची असताना मोठ्या तापातून उठली, तेव्हापासून रोज अकरापर्यंत मी बोलत नाही. लिहून नाही, खुणेनेही नाही. देवाला दिलेला शब्द आहे. भाऊजी त्यावरून चेष्टा करतात. मशीन असावं तर वहिनींसारखं, सकाळभर आवाज नाही, असं त्या दिवशीही म्हणाले.

त्यांनी प्रोसेसरवरचा वाळलेला जुना लेप खरवडून काढला, चष्मा कपाळावर ठेवूनच कूलर बसवला आणि चारी स्क्रू आवळले. मग लेकीने विचारलं, पेस्ट नाही लावायची? दोन्हींच्या मधल्या बारीक फटी ती भरते, नाहीतर उष्णता वर जात नाही, असं तिने कुठेतरी वाचलं होतं.

"नव्या कूलरला कंपनीच लावून देते गं. खाली करडा चौकोन असतो बघ."

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

साडेनऊ वाजले होते. वाटलं, थोडंफार राहिलं असेल तळाला. वाटलं, एवढ्याशा लेपावाचून काय अडतंय. देवाकडे पाहिलं. कॉम्प्युटर सुरू झाला, लेक पडद्यावरचा तापमानाचा आकडा वाचू लागली. साठ. पंच्याहत्तर. नवा आहे, रुळेल, असं भाऊजी म्हणत राहिले. पावणेअकराला नव्वद झाले.

"तो चौकोन मी पुसला," मी म्हणाले.

दोघांनी वळून पाहिलं. चौदा वर्षांत त्या वेळी माझा आवाज कुणी ऐकला नव्हता. भाऊजी चपला अडकवून पेस्ट आणायला निघाले. दुकान दहाला उघडतं आणि जाऊन यायला तास लागतो, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

परीक्षा सुरू झाली. मी कॉम्प्युटरच्या डब्याची बाजू उघडून टेबलफॅन आत रोखून धरला. हात भरून आले. लेक भराभर उत्तरं देत होती. बाविसाव्या प्रश्नाला पडदा काळा झाला. पुन्हा सुरू झाला तेव्हा पानावर एकच ओळ होती, प्रवेश संपल्याची.

भाऊजी आले. बिनसुईच्या इंजेक्शनसारख्या नळीतून प्रोसेसरवर पेस्टचा वाटाण्याएवढा ठिपका ठेवून त्यांनी कूलर बसवला. आकडा चाळीसवर थांबला. बघा, कसा शांत चालतोय, असं सवयीने म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

"आई, तू फडकं धरून उभी राहिलीस, तेव्हाच तुला कळलं होतं ना?" लेकीने विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता.

अकरा कधीच वाजून गेले होते. बोलायला मला काही हरकत नव्हती.