भट्टी अन् पडदा

आमच्या मोठ्या माणसांच्या अकलेला काय म्हणावं, मला आजून कळलं न्हाई. सगळ्या जगानं मोटारीला काही ना काही चढवलं. आमच्याकडं काय केलं, तर बायांची बाकडी काढून टाकली.

मला तरी जगाचं काय ठाऊक असणार? मी नर्मदा, कळमनुरीच्या अलीकडच्या एका खेड्यातली, मसाजीची बायको. हे सगळं शंकरसिंगानं सांगितलेलं. हिंगोलीहून आखाडा बाळापूरला जी मोटार जायची, ती हा चालवायचा. मोटार हिंगोलीच्या एका शेठची. शंकरसिंग नांदेडचा, मोठ्या दाढीचा, आवाज दणदणीत पण माणूस लई गरीब. आमच्या गावात लिंबाखाली मोटारीला पाणी पाजायला थांबायचा, तेवढ्यात मी त्याला तांब्याभर ताक द्यायची. ताक पिता पिता तो मुलखामुलखाच्या मोटारी सांगायचा.

म्हणे अमेरिकेतून नुसता सांगाडा येतो, चाकं अन् इंजन. वरचा डबा ज्यानं त्यानं आपल्या हौसेनं बांधून घ्यायचा. त्याच्या मामाची मोटार पंजाबात, तिच्यावर मोर काढलेले अन् कपाळाला पितळेची पट्टी. तिकडं वाशिम-अकोल्याला कापसाचा धंदा, म्हणून दोन्ही बाजू उघड्या ठेवतात अन् टपावर गाठी बांधायला लोखंडी कठडा. हैदराबादेत बड्या लोकांच्या मोटारींना रेशमी पडदे, आत अत्तराची कुपी. मुंबईत सगळं साधं, पत्र्याचं. अन् विलायतेत म्हणे छप्परच काढून टाकतात, त्या लोकांना ऊन खायची हौस. मी म्हणलं, चैताच्या महिन्यात हिंगोलीला या म्हणावं, पोटभर खा.

आता आमचं ऐका. आमच्या भागात घरंदाज बाईनं चावडीपुढून गाडीत बसून जायचं न्हाई. चावडीच्या ओट्यावर गावातली जाणती माणसं बसलेली असतात, सासरे असतात, भाये म्हणजे थोरले दीर असतात. बाई गाडीत म्हणजे त्यांच्यापेक्षा उंच बसलेली. म्हणून चावडी आली की उतरायचं, वहाणा हातात घ्यायच्या, पदर पुढं ओढायचा, खाली मान घालून चालत जायचं अन् शेवटचं घर मागं पडलं की परत गाडीत चढायचं. मी सुद्धा लगीन झाल्यापासून हेच करत आले. बैलगाडीत काही वाटायचं न्हाई. बैलं आपल्या चालीनं चालतात, आपण त्यांच्या मागं.

पण मोटार आली अन् पंचाईत झाली. सडकेवर जितकी गावं, तितक्या चावड्या. हरेक गावात मोटार थांबायची, मागच्या साऱ्या बाया उतरायच्या, पोरं काखेत घेऊन चालायच्या, पुढं जाऊन परत चढायच्या. पायरी ही एवढी उंच. पुढं बसलेले बाप्ये वैतागायचे, बाजार चुकतो म्हणायचे. मग सडकेवरच्या गावांची जाणती माणसं बाळापूरला जमली अन् तोड काढली. ती तोड काढणारा माणूस म्हणजे किसनराव, बाळापूरच्या चावडीवरचा मानकरी अन् माझा सख्खा व्याही. माझी सून सिंधू ही त्याची एकुलती एक लेक.

त्याची तोड अशी. मागची बाकडी काढून टाका, बाया खाली फळ्यांवर बसतील, म्हणजे उंच बसल्या असं होणार न्हाई. वरून दोन्ही बाजूंनी अन् मागून ताडपत्रीचा पडदा सोडा, म्हणजे कोणाला दिसणार न्हाई. मग उतरायचं कामच न्हाई. पडदा वाऱ्यानं उडायला लागला तर त्यानंच सांगितलं की बाहेरून दोरीनं आवळून बांधा. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमचा मसाजी सुद्धा घरी येऊन म्हणाला, किसनरावाचं डोकं म्हणजे डोकं हाय. मी म्हणलं, त्या डोक्याला एकदा त्या फळीवर बसवा, धक्के कसे लागतात ते कळंल. तर माझ्यावरच डोळे वटारले.

इथपर्यंत नुसता अपमानच होता. तो आमी गिळला, सवय हाय आमाला. पण मग विलायतेतल्या लढाईपायी पेट्रोल मिळंना. शेठनं अकोल्याकडून कोळशाची भट्टी आणवली. उभ्या पिंपासारखी, आत कोळसे पेटवायचे, त्याचा धूर नळीतून इंजनाला जायचा अन् त्याच्यावर मोटार चालायची. अकोल्याच्या मोटारींना मागच्या अंगाला असती म्हणून आमच्याही मोटारीला मागंच बसवली, दाराला लागून. शंकरसिंग शेठला म्हणाला होता, तिकडं बाजू उघड्या असतात, वारा सगळं घेऊन जातो, इथं पडदा हाय. शेठ म्हणाला, पडदा गाववाल्यांचा, त्यांना विचार. गाववाले म्हणाले, भट्टी शेठची, त्याला विचार. बायांना कोणीच इचारलं न्हाई. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवली की दार थोडं उघडं ठेवायचं, हे आमच्या पोरीसोरींना ठाऊक असतं. पण आमाला विचारील कोण?

सिंधूचं दोनदा पोट पडलं होतं. हे तिसरं. सातवा लागला अन् मी तिला माहेरी पोचवायला निघाले. बैलगाडीचे हिसके दिवसभर सोसायचे न्हाईत म्हणून मोटारीनं. पोरगी घाबरून घाबरून जगत होती. पाणी शेंदू का, खाली वाकू का, हरेक गोष्ट मला इचारायची. मी तिला सांगितलं होतं, आवंदा तुझं लेकरू मी माझ्या हातात घेणार, तू काळजी करू नको. मोठ्या तोंडानं सांगून बसले होते.

मोटारीत मागं आमी तिघीच. मी, सिंधू अन् मिराबाई म्हणून एक धनगराची म्हातारी. तिच्या मांडीवर पांढरं करडू होतं, लेकीला द्यायला निघाली होती. कळमनुरीपर्यंत करडू सारखं ओरडत होतं, सिंधूला त्याचं हसू येत होतं. कळमनुरीत शंकरसिंगानं भट्टीत नवे कोळसे टाकले, पडदा परत आवळला अन् मोटार निघाली. फळीखालून धूळ यायची, भट्टीची धग लागायची, लुगडी अंगाला चिकटलेली. थोड्या वेळानं माझं कपाळ ठणकायला लागलं. मी म्हणलं ऊन असंल. मिराबाई सुद्धा डोकं धरून बसली. अन् मग मला वाटलं, करडू काहून गप झालं? पाहते तर त्यानं मान टाकलेली.

मी सिंधूकडं वळले. ती बाप्यांच्या अन् आमच्या मधल्या फळीला टेकून बसली होती, डोळे अर्धे उघडे, तोंडातून शब्द न्हाई. हलवलं तर माझ्या अंगावर कलंडली.

मी मधली फळी दणादणा वाजवली. पलीकडं बाप्ये बसलेले. एकजण हसून म्हणाला की बायांचं भांडण जुंपलं वाटतं. दुसरा ओरडला, बाळापूर आलंच हाय, चावडीपुढं गोंधळ करू नका. इंजनाच्या आवाजात शंकरसिंगाला तर काही ऐकू येत नव्हतं. माझे हातपाय लुळे पडत होते. बटव्यात अडकित्ता होता, तो काढला, पडद्याच्या खालून हात घातला अन् दोरी कापत बसले. कशी कापली ते माझं मला ठाऊक. दोरी तुटली, पडदा फडाडा उडाला अन् वारा आत आला. लोक आरडले तसा शंकरसिंगानं मोटार थांबवली. थांबली ती बराबर बाळापूरच्या चावडीपुढं.

शंकरसिंग धावत मागं आला. त्यानं काही इचारलं न्हाई, सिंधूला लेकीसारखं उचललं अन् चावडीच्या ओट्यावर नेऊन निजवलं. त्या ओट्यावर आजवर बाईचं पाऊल पडलं नव्हतं. बसलेली माणसं विंचू निघाल्यासारखी उठली. त्यांच्यात किसनराव होता. लेक समोर पडली होती, मान कलंडलेली, ओठ सुकलेले. तो दोन हात लांब उभा राहून मला म्हणाला,

"इहीणबाई, आधी तिच्या डोक्यावर पदर घ्या. लोक पाहून राहिले."

 हे ऐकलं अन् पायापासून आग मस्तकात गेली. पंधरा माणसं उभी असू देत, न्हाईतर सगळं गाव असू दे.

"व्याहीबुवा, तुमची लेक मरून राहिली, अन् तुमाला पदर सुचतो? तो तुमचा पडदा घ्या अन् तुमच्याच डोक्यावर घाला."

त्याच्याशी एवढ्या आवाजात कोणी बोललं नव्हतं.  मी सिंधूच्या तोंडावर पाणी मारलं, मिराबाईनं तळपाय घासले, शंकरसिंगानं आपल्या फेट्याच्या शेवानं वारा घातला. किती वेळ गेला कोण जाणे, पोरीनं डोळे उघडले. उलटी झाली. अन् तिनं पहिल्यांदा काय केलं असंल? पोटावर हात ठेवला. मला म्हणाली, मामी, हलत न्हाई.

मी पण हात ठेवला. काहीच न्हाई. तिला घरी नेलं, खाटेवर निजवलं, तिची माय रडत बसली. मी हात काढला न्हाई. दुपार गेली. गोड दूध पाजलं, कुशीवर वळवलं, जेवढे देव आठवले तेवढ्यांना शिव्या दिल्या. दिवस कलला तवा माझ्या हाताखाली एकदा हललं. मग परत. मला इतकं रडू आलं की सिंधूच मला उगी उगी म्हणायला लागली. मिराबाईचं करडू मात्र मेलं होतं. तिनं ते वाटेत टाकून दिलं अन् चालत लेकीच्या गावाला गेली.

मला वाटलं, आता तरी पडदा जाईल. कशाचा जातो. जाणती माणसं परत जमली, विडे खाल्ले अन् ठराव केला की गरवार बाईनं मोटारीत बसू नये. संपलं. भट्टी आहे तिथं, पडदा आहे तिथं, दोष बाईच्या पोटाचा. किसनराव त्या बैठकीत होता. तो पडद्याविरुद्ध एक शब्द बोलला न्हाई, मसाजीनं स्वतः सांगितलं. मी मसाजीला इचारलं, अन् तुमी काय बोललात? तो म्हशीला पाणी दाखवायला निघून गेला.

दिवस भरले, सिंधूला पोरगी झाली. चांगली रडकी, काळ्या जावळाची. पोरगी मान धरायला लागली तशी मी आणायला गेले. ठराव गरवार बाईचा होता, लेकुरवाळीला मोटार चालत होती. सकाळी मोटार चावडीपाशी उभी, भट्टी पेटलेली, मागं ताडपत्री तशीच. किसनराव पोचवायला आला होता. चावडीवरची माणसं ओट्यावर बसलेली.

सिंधूनं जन्मात बापापुढं मान वर केली नव्हती. त्या दिवशी केली. कुंची घातलेली पोरगी तिनं त्याच्या हातात दिली.

"आबा, तुमीच हिला मागं ठेवा. माझ्या हातानं होत न्हाई."

एवढंच बोलली अन् बाजूला उभी राहिली. किसनराव पोरीला घेऊन मोटारीच्या मागं गेला. पडदा बाजूला करून आत वाकला. आतून धग आली, कोळशाचा वास आला, पोरगी शिंकली. तो तसाच वाकलेला राहिला. मग सरळ झाला. परत वाकला, परत सरळ झाला. ओट्यावरून कोणीतरी हाक मारली की काय झालं किसनराव, मोटारीचा खोळंबा होतो. त्यानं वळून पाहिलं न्हाई. पोरगी माझ्याकडं दिली, दोन्ही हातांनी दोरीची गाठ सोडली, सगळी ताडपत्री खाली ओढली अन् गुंडाळून सडकेच्या कडेला टाकली. मग आमाला म्हणाला, बसा.

आमी बसलो. चावडीपुढून उघड्या मोटारीत, तोंडावर वारा घेत गेलो. शंकरसिंगानं विनाकारण भोंगा वाजवला.

आता जो तो किसनरावाचं कौतुक करतो. म्हणतात, केवढं मन, सगळ्यांच्या देखत स्वतःच्या हातानं पडदा काढला. मसाजी तर येईल त्या पाहुण्याला सांगतो. मला सांगू नका. नात आत ठेवायची वेळ आली तवा त्याला कोळशाचा वास आला. लेक ज्या दोरीमागं कोंडली होती, ती आवळून बांधा म्हणणारा तोच होता.