गारगोटीचा काठ

असोद्याच्या शाळेत हितेंद्र सर पाचवीला इतिहास शिकवायचे. अश्मयुगाचा धडा आला तेव्हा त्यांनी तापीच्या पात्रातून पिशवीभर गारगोट्या आणल्या. आदिमानव दगडाचं पातं कसं काढायचा, ते करून दाखवायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. पण दोन दिवस झाले, दगड एक तर निसटायचा, नाहीतर त्याचा भुगा व्हायचा. पोरं हसून बेजार.

दिपमाला मात्र हसत नव्हती. सर चुकतात कुठं, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तिची आई मंदाबाई भुसावळ, दीपनगरच्या कॉलन्यांमधून झिजून गुळगुळीत झालेल्या पाट्या-वरवंट्यांना टाकी लावत फिरायची. सुट्टीत हातोडी-छिन्नीची पिशवी दिपमाला धरायची. वर्गात तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सरांचं बोट चांगलंच कापलं. रुमाल गुंडाळत ते म्हणाले, "दहा व्हिडिओ पाहिले. मला काही जमायचं नाही."

दिपमाला उठली. एक गारगोटी मांडीवर धरली, अंदाज घेतला आणि दुसऱ्या दगडानं काठावर तिरका घाव घातला. टिचकन पातं सुटलं. उजेडात धरलं तर कडेनं आरपार दिसत होतं.

"तू कुठं शिकली गं?" स्वप्नीलनं विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. तिचे कान तापले.

"माझी आई पाट्यांना टाकी लावते."

मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. सरांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते तिच्याशेजारी फरशीवर मांडी घालून बसले. "मला शिकव."

तिला शब्दांत सांगता येईना. शेवटी तिनं सरांचं मनगट धरून वळवलं, आई तिचं वळवायची तसं. पाचव्या घावाला सरांचं पातं निघालं. मग पोरं भोवती जमली, एकमेकांचे हात धरू लागली.

"ज्याला हे पहिल्यांदा जमलं, तो हुशारच असेल," सर पातं निरखत म्हणाले. "पण त्यानं कुणाला दाखवलं नसतं, तर त्याच्याबरोबरच संपलं असतं सगळं."

संध्याकाळी दिपमालानं घरी भीतभीतच सांगितलं. मंदाबाई भाकरी थापता थापता थांबली.

"सरनं दगड कसा धरला व्हता?"

दिपमालानं मूठ करून दाखवली.

"अंगठा वर? म्हनूनच बोट कापलं त्याचं," मंदाबाईनं पिठाच्या हातानंच लेकीचा अंगठा खाली सरकवला. "असा. उद्या सांग त्याले."