अर्जाचं तिसरं पान

मी एक अर्ज आहे. तीन पानांचा, डाव्या कोपऱ्यात एका टाचणीनं बांधलेला. माझं वय अकरा दिवस. एवढ्याशा वयात आत्मवृत्त सांगायला बसणं जरा आगाऊपणाचंच, हे मला कळतं. पण उद्या काय होईल याचा भरवसा नाही, आणि मनात जे घोळतंय ते आज सांगितलं नाही तर पुढं सांगायला मी असेन की नाही, कोण जाणे.

माझा जन्म इस्त्रीच्या दुकानावरच्या एका खोलीत झाला. खालच्या वाफेनं तिथली फरशी कायम कोमट असते. ही खोली वस्तीतल्या महिला संघटनेची. त्या रविवारी सोळाजणी जमल्या होत्या आणि विषय एकच होता, पाळणाघर. कपड्यांच्या कारखान्यासमोरचं सरकारी पाळणाघर आठ महिन्यांपूर्वी ‘दुरुस्तीसाठी बंद’ अशी पाटी लावून बंद झालं. पाटी एकदा पडली तेव्हा कुणीतरी येऊन ती पुन्हा ठोकून गेलं. दुरुस्ती झाली ती तेवढीच. आता समाजकल्याण कार्यालयात दुसऱ्या गुरुवारी बैठक होती. कोणती पाळणाघरं पुन्हा उघडायची आणि कोणती कायमची बंद करायची, याची यादी तिथं ठरणार होती.

संघटनेच्या अध्यक्षांना सगळ्या मोठ्या बाई म्हणतात. त्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. माझ्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं : ‘अनेक मातांना मुले घरात कोंडून कामावर जावे लागते.’ मोठ्या बाईंनी चष्मा खाली ओढला आणि ‘अनेक’वर काट मारली. अनेक म्हणजे किती, हा प्रश्न त्यांनी तीस वर्षं मुलांना विचारला होता. सरकारला आकडा लागतो, त्या म्हणाल्या, आणि आकड्याला नावं लागतात.

अशी माझ्या तिसऱ्या पानाची कल्पना निघाली. त्याला जोडपत्र म्हणायचं. आईचं नाव, खोलीचा क्रमांक, मुलांची वयं, मुलं किती तास कुलपात असतात ते.

एकीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं, दुसरीला एकाएकी आठवलं की दूध तापत ठेवलंय.

तेव्हा काजवाली बोलली. कारखान्यात शर्टांना काजं करते म्हणून तिला तेच नाव पडलंय. तिला चार वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा. सासू होती तोवर सांभाळायची, ती गेल्यापासून दाराला कुलूप. अकराच्या आणि तीनच्या भोंग्याला मुलीनं ताटली दारावर वाजवायची, शेजारणीनं भिंतीवर थाप देऊन उत्तर द्यायचं, असा तिनं नियम घालून दिला होता.

“माझं घ्या पहिलं,” ती म्हणाली. “खोटं थोडंच आहे?”

“नळावर हिचा नंबर कायम शेवटचा,” मागून कुणीतरी म्हणालं, “इथं बरी पहिली आली.”

सगळ्या हसल्या आणि मग नावं सुटली. त्या दिवशी चौदा झाली. उरलेली काजवालीनं आठवडाभर कामावरून येता-येता दारोदार जाऊन आणली. एकूण तेवीस.

मला त्या पानाचा अभिमान वाटायचा. माझी पहिली दोन पानं सगळी ‘सविनय’ आणि ‘कृपया’ यांनी भरलेली. ती वाचताना मला स्वतःलाच शंका येई, की मी काही मागतोय की नुसता वाकून उभा आहे? तिसरं पान मात्र सरळ बोलत होतं. हे पान माझा कणा आहे, असं मी समजत होतो. समजण्यात माझी चूक फार लवकर होते.

सोमवारी मोठ्या बाई मला घेऊन कार्यालयात गेल्या. काजवालीनं अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. आवक खिडकीतल्या कारकुनांना एक खोड आहे, ते शिक्का मारण्याआधी कागद वाचतात. त्यामुळे त्यांच्या खिडकीपुढची रांग नेहमी लांब, आणि लोक त्यांच्या नावानं बोटं मोडत उभे. त्यांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. तिसऱ्यावर आले आणि हातातला शिक्का त्यांनी हळूच बाजूला ठेवला.

“बाई, हे शेवटचं पान कुणी सुचवलं?”

“मी,” मोठ्या बाई म्हणाल्या. आवाजात शाबासकीची थोडी अपेक्षा होती.

“काढून घ्या.”

मग ते खिडकीतून पुढं वाकून हलक्या आवाजात सांगू लागले. याच इमारतीत वरच्या मजल्यावर बालसंरक्षणाचा विभाग आहे. कुलपात ठेवलेलं मूल म्हणजे त्यांच्या लेखी आईनं हेळसांड केलेलं मूल. असंच एक पान मागं दुसऱ्या वस्तीतून आलं होतं. पाळणाघराची फाइल खालीच राहिली, पान तेवढं वर गेलं. माणसं दारात आली. दोन मुलं चार महिने आईपासून लांब होती.

मोठ्या बाई बाकावर बसल्या. मी त्यांच्या मांडीवर होतो. “वर्गात हजेरी घ्यावी तशी नावं घेतली गं मी,” त्या काजवालीला म्हणाल्या.

आणि मी? माझ्याच पोटात तेवीस घरांचे पत्ते होते. ज्यांच्यासाठी आलो त्यांच्याच दारावर मी माणसं धाडणार होतो. कागदाला घाम फुटत नाही म्हणून बरं.

मोठ्या बाईंनी कारकुनांना विचारलं, ‘अनेक’ असंच लिहिलं तर? कारकून म्हणाले, साहेब ‘अनेक’ वाचून पान उलटतात, उगाच खोटी आशा कशाला दाखवू.

काजवाली खिडकीच्या कडेवरून बोट फिरवत उभी होती. “बाकीच्यांची काढा,” ती म्हणाली. “त्यांना पुन्हा विचारून येईस्तोवर गुरुवार निघून जाईल. माझं राहू द्या.”

“वेड लागलंय का तुला? पोरं नेली तर?”

“आणि पाळणाघर नाही उघडलं तर रोज काय होईल, ते मला विचारा की, बाई. एकही नाव नसलं, तर आम्ही नाहीच म्हणतील. तुम्हीच सांगितलंत.”

मोठ्या बाईंनी माझं तिसरं पान ओढून काढलं. त्याचे तुकडे केले, ते तिथल्या टोपलीत न टाकता स्वतःच्या पिशवीत घातले. मग कारकुनांकडून कोरा कागद घेतला. काजवालीनं त्यावर आपलं नाव, खोली, मुलांची वयं, तास, भोंगा, ताटली, सगळं वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं. त्याखाली मोठ्या बाईंनी स्वतःचा पत्ता घातला आणि लिहिलं : ‘या आईने हे माझ्या सांगण्यावरून लिहिले आहे. चौकशी करायची असल्यास आधी माझ्या दारी यावे.’ नंतर शिक्का बसला.

आज बुधवार. मी साहेबांच्या टेबलावर आहे. सकाळी त्यांनी मला वाचलं. पहिली दोन पानं भरभर, तिसरं सावकाश. काजवालीच्या नावाभोवती त्यांनी लाल पेन्सिलीनं गोल काढला आणि जेवायला गेले.

त्या गोलाचा अर्थ मी मघापासून लावतोय. हिच्यासाठी काहीतरी करायला हवं, असा? की हिच्यावर? टेबलावर दोन ट्रे आहेत. एक उद्याच्या बैठकीचा, दुसरा वरच्या मजल्याचा. मी दोन्हींच्या मधे पडलोय. तिचं ऐकून मोठ्या बाईंनी बरोबर केलं का, मला ठरवता येत नाही. मी असा लिहिला गेलो हेच चुकलं असेल का, हेही नाही.

बाहेर बूट वाजतायत. तेच आले असावेत.

साहेब, मला कुठल्याही ट्रेमध्ये ठेवण्याआधी ते तिसरं पान एकदा परत वाचा. तो कबुलीजबाब नाही. या घटकेला दोन मुलं कुलपाआड बसली आहेत, आणि हे तुम्हाला येऊन सांगणारी त्यांची आईच आहे.